बुधवारची गोळी

दर बुधवारी सकाळी आमच्या आळीत एका गोळीला शिव्या पडतात.

गोळी म्हणजे औषधाची. बारकीआत्या भाकरी खाऊन अंगणाच्या पार टोकाला, शेवग्याखालच्या दगडावर येऊन बसते. शेजारी पाण्याचा तांब्या. गोळी तळहातावर ठेवते आणि तिची हजेरी घ्यायला लागते. "आलीस का गो भवाने? मसुराच्या डाळीएवढी हायस, आन् माजा आख्खा गुरुवार खातेस? तुजा मुडदा बशिवला. चल, घुस आत!" मग घटाघटा पाणी, आणि तोंड पुसून सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी दवंडी, "गिळली बरं का! आज माज्याशी कोनी वाद घालू नका."

जणू बाकीच्या दिवशी वाद आम्ही काढतो!

नाव बारकी, कारण बहिणींत शेवटची. अंगानं मात्र अशी की शेअर रिक्षात ती चढली की रिक्षावाला दुसरी सवारी शोधायच्या भानगडीत पडत नाही. नवरा लवकर गेला, तेव्हा लहानग्या लेकीला, कल्पीला, कडेवर मारून ती माहेरी परत आली. भावांनी गावाच्या टोकाला दोन खोल्या घालून दिल्या. गावची लेक गावातच राहिली, म्हणून ती अख्ख्या गावाची आत्या. शहापूरहून डोळखांबकडे येताना आमचं गाव लागतं. मी मुरबाडकडची, लग्न होऊन इथे आले, ती नेमकी तिच्या शेजारी. मी ब्लाउज शिवते, आणि मशीनच्या आवाजावर तिचा आवाज ऐकते. इतकी वर्षं झाली, पण मशीन एकदाही जिंकलेलं नाही.

आत्याचं काम काय, तर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं. पाटावर बसून पाय लांब सोडायचे, पायांवर पोर उताणं घालायचं, कोमट तेल टाळूवर थापायचं. आमच्या गावातल्या निम्म्या माणसांच्या माना तिनं धरलेल्या आहेत. त्यामुळे ती कोणालाही भीत नाही. एकदा पाण्याच्या नळावरून ग्रामसभेत भांडण पेटलं. पंचायतीचा एक मेंबर उभा राहून तिला नियम सांगायला लागला. आत्या जागेवरूनच म्हणाली, "मना नियम शिकवतोस? माज्या पायावर पडून माज्याच लुगड्यावर मुतलास, तवा कुठं गेले होते तुजे नियम?" सभा तिथेच आटोपली. नळ दुसऱ्या दिवशी आला.

अशा बाईच्या कोपरावर एक दिवस पांढरट खवला दिसला.

आधी एक, मग दुसऱ्या कोपरावर, मग गुडघ्यांवर, डोक्यात, आणि शेवटी हातांच्या पाठीवर. लाल चट्टा, त्यावर चंदेरी कोंडा, खाजवलं की रक्त. तेव्हा आम्हाला नाव ठाऊक नव्हतं. नाव ठाऊक नसलं की गाव स्वतः नाव ठेवतं. कोणी म्हणालं खरूज, कोणी म्हणालं त्याच्याही पुढचं काहीतरी. ज्यांना आपल्या घरातला दिवा लावायचं सुचत नाही त्या बायका नळावर उभ्या राहून निदान करायला लागल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

उपाय तर विचारू नका. करंजाचं तेल लाव, कडुलिंबाच्या पाण्यानं धू, गोमूत्र पी, मीठ सोड, वांगं सोड. एकीनं तर छातीठोक सांगितलं, की हा नागाचा कोप, मागच्या जन्मी आत्यानं नाग मारला म्हणून या जन्मी ती कात टाकते. आत्यानं तिला नीट खालून वर बघितलं आणि म्हणाली, "नागीन असते ना, तर पयला डंख तुला केला असता." आम्ही हसलो. पण त्या बाईनं त्या दिवसापासून आत्याच्या हातचं पाणी घेणं सोडलं. मग तिचं बघून दुसरीनं. लग्नाच्या पंगतीत आत्याच्या शेजारची पत्रावळ रिकामी राहायला लागली. मला सांगा, याच हातांनी यांची पोरं वाढली ना? तेव्हा हे हात गोड लागले, आणि आता विटाळ? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी दोन-तीन घरांशी बोलणंच टाकलं. त्यांचे ब्लाउज मात्र शिवले. पोट आहे.

आणि मग ते व्हायचं ते झालं. खालच्या आळीत एक सून बाळंत झाली. आत्याला बोलावणं आलं नाही, तर ही आपणहून तेलाची वाटी घेऊन निघाली. दारात सासू आडवी. "आत्या, पोराला ताप हाय गो. उद्या ये." आतून पोर चांगलं खणखणीत रडत होतं. दुसऱ्या दिवशी पोर झोपलेलं निघालं. नंतर शेजारच्या पाड्यातून दुसरी बाई यायला लागली.

आत्या वाटी घेऊन परत आली ती थेट माझ्याकडे. मी म्हटलं, आता शिव्यांचा पाऊस पडणार. वाटीतलं तेल तिनं माझ्या शिलाई मशीनमध्ये ओतलं. "घे. तुजं मशीन कुरकुरतं रोज," एवढंच. आता खोबरेल कोणी मशीनला घालतं का? सगळं चिकट होऊन बसलं, कारागिराला बोलवावं लागलं. पण त्या दिवशी मी तिला एक शब्दही बोलले नाही. माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून येत असते, आणि तीच तिच्या हातातून काढून घेतली होती.

त्यानंतर मीच तिला ओढत शहापूरला नेलं. तिथे कातडीच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी कोपर बघितलं, नखं बघितली, डोकं बघितलं, आणि नाव सांगितलं, सोरायसिस. म्हणाल्या, "आजी, हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हात लावून नाही, ताटात जेवून नाही, कशानेच नाही. मुळापासून जाणार नाही, पण गोळ्यांनी ताब्यात राहील." 'लागत नाही' हे वाक्य देवळाच्या भिंतीवर तेलरंगानं लिहून काढावं असं मला वाटलं. गावात आल्यावर मी ते घरोघर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पंगतीतली पत्रावळ तशीच रिकामी ठेवली.

तर ती गोळी. आठवड्यातून एकदाच घ्यायची. डॉक्टरीणबाईंनी हे पुन्हा पुन्हा बजावलं. रोज घेतली तर जिवावर बेतेल, अधूनमधून रक्त तपासायचं, दारू-ताडी वर्ज्य. पहिल्या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून वेगळ्या दिवशी दुसरी गोळी. "म्हंजे पयली भांडायला आन् दुसरी समजूत काढायला," आत्या म्हणाली. मग प्रश्न आला वार कोणता. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार लक्ष्मीचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. "बुधवार कोनाचाच नाय. या भवानीला बुधवार देते. देवांच्या पंगतीत नको." डॉक्टरीणबाई हसू दाबत कागदावर बुधवार लिहीत होत्या.

निघता निघता त्या आणखी एक म्हणाल्या, "गोळ्या उंचावर ठेवा. घरात पोटुशी बाई असेल तर तिला या गोळ्यांना हात लावू देऊ नका. पोटातल्या बाळाला वाईट असतं." मी हो म्हटलं. आमच्या दोघींच्या घरात तेव्हा पोटुशी कोण होतं? विषय माझ्यापुरता तिथेच संपला.

गोळीला शिव्या देत देत महिने गेले. आत्याची गुरुवारी मळमळ व्हायची, तोंडाची चव जायची, आणि तो राग ती शुक्रवारी आमच्यावर काढायची. गावातल्या एका शहाण्यानं सल्ला दिला, "गोळी एवढी गुणाची हाय तर रोज खा ना, लवकर बरी होशील." माझ्या हातात तेव्हा कात्री होती, पण कायदा आहे. मी त्याला कात्रीशिवाय जे सांगायचं ते सांगितलं. गोळ्यांची डबी आत्यानं घरात ठेवलीच नाही. गोठ्याच्या आढ्याला टांगली, पिशवीत पिशवी घालून. मी म्हटलं, चला, हिची तऱ्हाच निराळी.

आणि खवले उतरले. हळूहळू, पण उतरले. हातांची पाठ आधी गुलाबी झाली, मग साधी, आमच्यासारखी. मग बघा आमच्या गावाची तऱ्हा! ज्या सासूनं दारातून परत पाठवलं होतं, तीच नव्या नातवासाठी दारात हजर. "आत्या, तुज्या हाताची सर कोनाला नाय गो." आत्या म्हणाली, "मना जमनार नाय." मला वाटलं, बरी जिरवली. मनातून टाळ्याच वाजवल्या. पण मग दुसरं घर आलं, तिसरं आलं, त्यांतलं एक तर बिचारं नवीनच राहायला आलेलं. त्यांनी आत्याचं काय वाकडं केलं होतं? त्यांनाही तेच, "जमनार नाय." गाव म्हणायला लागलं, आत्याला मस्ती चढली. मला पटत नव्हतं.

अशात कल्पी आली.

कल्पी मुरबाडला दिलेली. सातवा सरला तशी सासरची माणसं तिला ओटी भरून माहेरी सोडून गेली. पहिलं बाळंतपण आईकडे, ही आपली रीत. आणि आई कोण, तर गावभरची पोरं जिच्या पायांवर न्हाली ती! आळीत सगळ्या खूश. मी कुंची शिवायला घेतली. पाहुणचार होतो न होतो, तोच एका सकाळी आत्याच्या अंगणात जीप उभी. कल्पी पदरानं डोळे पुसते आहे आणि आत्या गरजते आहे, "मना झेपनार नाय! सासरी जा. तुज्या सासूला काय हात नाय?"

पहिलटकरणीला, भरल्या पोटानं, माहेरातून परत पाठवली! असं आमच्या गावात कधी कोणी ऐकलं नव्हतं. निघताना आईनं लेकीच्या तोंडावरून हातसुद्धा फिरवला नाही. लांब, शेवग्याखाली उभी राहिली, हातांची घडी काखेत घालून. मी कुंपणावरून ओरडले, "आत्या, तुम्हाला काळीज आहे का नाही?" ती म्हणाली, "तू तुजं शिवन कर गो." मी तिचा कापून ठेवलेला ब्लाउज तसाच्या तसा पिशवीत भरला आणि तिच्या ओट्यावर भिरकावला. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. बुधवारी शिव्या ऐकू यायच्या आणि मी मशीन जोरात चालवायचे.

मुरबाडला कल्पी बाळंत झाली. मुलगी. आठवड्याभरानं कल्पीनं फोन माझ्या मोबाइलवर केला, कारण आत्याचा फोन बटणांचा. "शालनवैनी, आयेला दाखवा," एवढंच म्हणाली पोर, तेही तुटक आवाजात. राग गिळून मी आत्याच्या दारात गेले. स्क्रीनवर नातीचं तोंड, मुठी वळलेल्या, डोळे मिटलेले. मी फोन पुढे केला. आत्या दोन पावलं मागे सरली आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू धर गो. मी लांबूनच बघते."

फोन ठेवला आणि माझा तोल गेला. इतकी वर्षं मी तिला अहो-जाहो करत आले, ते सगळं सुटलं. "अगं, फोनला हात लावायला काय झालं तुला? काचेतली पोरगी आहे ती! रक्ताच्या नातीचं तोंड बघताना हात मागे घेतेस? दगड आहेस का तू?"

आत्या ओट्यावर बसली. तळहात तिनं मांडीवर उघडून ठेवले. मग म्हणाली, "भाताला औषध मारून घरी आलीस, तर तुज्या पोराला तशीच उचलायचीस का?"

"नाही."

"आन् मी तर ते औषध प्यायले. दर बुधवारी. आता ते अंगात मुरलं असेल. घामातून येत असेल, हातातून येत असेल. दवाखान्यातली बाय बोल्ली ना, पोटुशीला वाईट, बाळाला वाईट? आन् टाळू किती कवळी असते गो. मी चोळनार, आन् ते सगळं आत जानार."

मी तोंड उघडलं, पण ती थांबायला तयार नव्हती.

"मंग सोडून देऊ गोळी? सोडली की पुन्हा खवले. मंग विहीन शिवू देईल का पोरीला? गोळी खाल्ली तर हात इखाचे, नाय खाल्ली तर हात रोगाचे. पोराला घेऊ कंच्या हातानं? सांग. तू लय शिकलेली हायस ना? सांग मना."

खरं सांगते, मला आधी रागच आला. तिचा नाही. या गावाचा आला. ज्या बाईला तुम्ही उठता-बसता दाखवून दिलंत की तिचे हात वाईट आहेत, तिला ते पटायला कितीसा वेळ लागणार? खवले गेले, पण गावानं जे आत घातलं ते गेलंच नाही. आणि ही बाई एवढं ओझं उरावर घेऊन दर बुधवारी त्या गोळीशी भांडत होती, आणि आम्ही तिकडे तोंडाला पदर लावून हसत होतो.

दुसऱ्याच दिवशी तिला शहापूरला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "आजी, असं नसतं हो. गोळी तुमच्या पोटात जाते आणि तुमच्यासाठीच काम करते. हातातून बाळाच्या अंगात जात नाही. गोळी हाताळली की साबणानं हात धुवायचे, डबी बाळापासून लांब ठेवायची. बस्स. खुशाल न्हाऊ घाला."

"आन् घामातून?"

"नाही."

"आन् तेल लावून चोळलं तर?"

"तरी नाही."

"आन् बुधवारी?"

"बुधवारीसुद्धा नाही. हात धुवा आणि घ्या."

आत्या उठून उभी राहिली. मला वाटलं, आता पाया पडते. कसली पडते! "मंग हे तवाच सांगायचं कं नाय? माजी पोरगी भरल्या पोटानं परत गेली!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विचारायचं ना आजी." दवाखान्यातून बाहेर पडलो तर माझ्याआधी तीच मुरबाडच्या एसटीची चौकशी करायला लागली.

मुरबाडला दारातच विहीणबाई उभ्या. "आता सवड झाली?" एरवी या एका वाक्यावर आत्यानं त्यांच्या सात पिढ्यांची उजळणी केली असती. ती म्हणाली, "झाली." मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. तिनं साबण मागितला. मोरीत बसून कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पदराला न पुसता तसेच ओले हात विहीणबाईंपुढे धरले. "बघून घ्या."

"आम्ही बाई लावलीय," विहीणबाई म्हणाल्या, पण हातांकडे बघत म्हणाल्या.

कल्पी बाहेर आली. डोक्याला रुमाल, कुशीत बाळ. आईकडे तिनं बघितलं नाही. मग काय, मीच बोलले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, तेही शेजारच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. कोणाला काही शंका राहायला नको. माझं संपलं तेव्हा कल्पी म्हणाली, "आये, मना सांगायचं नव्हतंस?"

"कसं सांगू? पोटुशी पोरीला सांगू, तुजी आय इखारी झाली म्हनून? जागून जागून मेली असतीस. त्यापरास मना शिव्या दे म्हटलं. शिव्या देऊन झोप तरी लागते."

कल्पीनं पाट आणून मोरीत ठेवला. आत्या बसली, पाय लांब सोडले, आणि कल्पीनं पोरीला त्या पायांवर उताणी ठेवली. गावभर जिचा आवाज घुमतो, ती बाई त्या अख्ख्या न्हाणीत एक अक्षर बोलली नाही. टाळूवर तेल थापण्याआधी तिनं तळहात पुन्हा उलटसुलट बघून घेतले. मग थापलं. पोरगी थोडी रडली आणि पाणी अंगावर पडायला लागलं तशी आपली गप्प झाली. धुरी देऊन, गुंडाळून ती विहीणबाईंच्या मांडीवर गेली, तेव्हा झोपलेलीच होती.

आम्हाला वाटलं, झालं. ज्यासाठी आलो ते झालं. तेवढ्यात कल्पीनं कोपऱ्यातली चटई ओढली, आईसमोर अंथरली आणि पालथी पडली.

"आये, माजं अंग लय दुखतं. त्या बाईचा हात नाय गो लागत."

आत्याचे हात तेलाच्या वाटीतच राहिले. ती नातीसाठी आली होती, नातीसाठीच घाबरली होती. लेकीनंही वाट बघितली असेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिनं दोन्ही तळवे कल्पीच्या पाठीवर ठेवले. कल्पीनं तोंड हातांत खुपसलं आणि तिची पाठ हलायला लागली.

"हलू नको गो," आत्या ओरडली. "किती वाळलीस! हाडं लागतात हाताला. कोनी बघितलं नाय का तुज्याकडं?"

"कोनी नाय," कल्पी म्हणाली.

आत्याचे हात कमरेपासून मानेपर्यंत फिरत राहिले. विहीणबाईंनी बाळाला माझ्या मांडीवर दिलं, उठल्या, आणि सुनेसाठी चुलीवर पाण्याचा दुसरा हंडा चढवला.